व्हीगन आहार, बी१२ आणि "रक्त अगदी छान आहे" म्हणणारा रिपोर्ट

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बी१२वर इथे जुने धागे आहेत, पण व्हीगन लोकांचा वेगळा विचार त्यांत सापडला नाही, म्हणून नवा काढतेय.

पार्श्वभूमी: वय ३४, मुक्काम पुणे. माहेर-सासर दोन्हीकडे शुद्ध शाकाहार, अंडंसुद्धा नाही. काही वर्षांपूर्वी दूध, दही, तूप, पनीर हेही सोडलं. कारणं नैतिक आहेत. त्यावर वाद घालायचा असेल तर कृपया वेगळा धागा काढा, तिथेही मी येईन.

खाण्यात हयगय नाही. ज्वारी नाहीतर नाचणीची भाकरी, रोज एक उसळ, पालेभाजी, कारळं-जवस-तिळाच्या चटण्या, टोफू, घरी केलेलं सोया दूध. तरी थकवा जाईना, आणि रात्री तळपायांना मुंग्या येतात. डॉक्टरांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायला सांगितली. हिमोग्लोबिन १२.४, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ८७. "रक्त अगदी छान आहे, बी१२ कमी असतं तर लाल पेशी मोठ्या दिसल्या असत्या," असं म्हणाले. मी हट्टाने बी१२ आणि फेरिटिन (लोहाचा साठा) करून घेतलं. बी१२ आलं १३८ (प्रयोगशाळेने खालची मर्यादा २११ दिली आहे), फेरिटिन ११. आरडीडब्ल्यू नावाचं काहीतरी १७.९ आहे आणि ते ठळक छापलंय.

आता प्रश्न. रक्त छान आहे तर बी१२ तळाला कसं? दुसरं, इंग्रजी व्हीगन गटांमध्ये सगळे सांगतात की यकृतात तीन ते पाच वर्षं पुरेल एवढा साठा असतो. माझा इतक्या लवकर कुठे गेला? तिसरं, गोळी की इंजेक्शन?


ओलीभाकर

कपभर दूध चालू करा. धागा संपला. :)


हडपसरकर

ओलीभाकर, संपतोय कसला, शंभरी गाठणार बघा. चहा घेऊन बसलोय.


पेशीपाहणी

पॅथॉलॉजिस्ट आहे, दिवसभर काचपट्ट्याच बघतो, त्यामुळे थोडं लांबेल. रानजाई, तुमचा रिपोर्ट पुस्तकात छापावा असा आहे.

लाल पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. पेशीचं विभाजन व्हायचं तर डीएनएची नवी प्रत लागते, आणि त्यासाठी बी१२ आणि फोलेट दोन्ही लागतात. ते कमी पडले की केंद्रक मागे राहतं, बाकीची पेशी वाढत राहते, आणि मोठाड, कच्च्या पेशी बाहेर पडतात. म्हणून एमसीव्ही १००च्या वर जातो. डॉक्टरांनी सांगितलं ते इथवर बरोबर.

पण लोह कमी असलं की उलटं होतं. हिमोग्लोबिन भरायला माल नाही, पेशी लहान राहतात, एमसीव्ही ८०च्या खाली. तुमचं फेरिटिन ११ म्हणजे लोहाची कोठी जवळजवळ रिकामी. दोन्ही कमतरता एकाच अंगात असल्या की काही पेशी मोठ्या, काही लहान. एक भाऊ साडेसहा फुटी, दुसरा साडेचार फुटी, सरासरी साडेपाच, म्हणून दोघांना साडेपाच फुटी माणसाचे कपडे शिवण्यातला प्रकार. एमसीव्ही ही फक्त सरासरी आहे. पेशींच्या आकारात किती फरक आहे ते आरडीडब्ल्यू सांगतं. साधारण १४.५पर्यंत ठीक, तुमचं १७.९. यंत्राने ठळक छापून हाक मारली होती.

अशा वेळी रक्ताची पट्टी डोळ्यांनी बघून घ्यावी. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचं केंद्रक सहसा तीन-चार पाळ्यांचं असतं. पाच पाळ्यांचे बरेच दिसले किंवा सहा पाळ्यांचा एक जरी दिसला, तर बी१२ किंवा फोलेटकडे संशयाने बघायचं. ही खूण लोह कमी असतानाही सहसा टिकते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. डाळी, उसळी, पालेभाज्या यांमुळे व्हीगन ताटात फोलेट भरपूर असतं. फोलेट भरपूर असलं की मज्जा बराच काळ काम निभावून नेते आणि रक्त बरं दिसतं. मज्जातंतूंना मात्र त्याचा उपयोग नाही. त्यांच्यावरचं मायलिनचं वेष्टन नीट ठेवायला बी१२च लागतं. त्यामुळे हिमोग्लोबिन १२-१३ असताना मुंग्या, बधिरपणा, विसरभोळेपणा सुरू झालेले पेशंट आपल्याकडे भरपूर सापडतात. आधी पांडुरोग, मग मज्जातंतू, असा क्रम ठरलेला नाही.

म्हणून एक पथ्य: बी१२ न बघता नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेत बसू नका. रक्त सुधारेल, आतलं नुकसान चालू राहील.


रानजाई

पेशीपाहणी, खूप आभार. आरडीडब्ल्यूकडे कुणी बघितलंच नव्हतं. पण साठ्याचं काय?


पेशीपाहणी

साठ्याचं गणित चूक नाही, ते तुमचं नाही एवढंच.

प्रौढ माणसाच्या शरीरात बी१२ दोन ते पाच मिलिग्रॅम असतं, बरंचसं यकृतात. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम. पित्तातून आतड्यात उतरलेलं बी१२ शरीर पुन्हा शोषून घेतं, त्यामुळे उधळपट्टी नाही. लहानपणापासून मांस, मासे, अंडी, चीज खाल्लेला युरोपातला माणूस तिसाव्या वर्षी व्हीगन झाला तर त्याची कोठी भरलेली असते. ती तीन-पाच वर्षं पुरते, कधी जास्तही.

तुमची कोठी भरलेली कधी होती? शाकाहारी आईच्या पोटी जन्म, शाकाहारी घर, दूध म्हणजे चहातलं आणि वाटीभर दही. पुण्याचेच आकडे देतो. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं. खेड्यातले, झोपडवस्तीतले आणि शहरी मध्यमवर्गातले. २००६ साली निष्कर्ष छापून आले. ६७ टक्के लोकांत बी१२ कमी (१५० पिकोमोलच्या खाली, म्हणजे आपल्या रिपोर्टातल्या एककात साधारण २००), आणि शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के. नियमित मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहाऱ्यांना धोका ४.४ पट. हे व्हीगन नव्हेत, दूध पिणारी माणसं आहेत.

आपल्याकडचा व्हीगन शून्यापासून नाही, उण्यापासून सुरुवात करतो. परदेशी गटांतला "पहिली काही वर्षं निर्धास्त राहा" हा सल्ला इथे लावला की तुमच्यासारखे रिपोर्ट येतात. दूध सोडायचं त्याच दिवशी गोळी सुरू करायची. खरं तर आधी रक्त तपासायचं.


ओलीभाकर

म्हणजे दूध घेतलं असतं तर हे झालं नसतं, असंच ना?


पेशीपाहणी

ओलीभाकर, १०० मिली दुधात बी१२ साधारण ०.४ मायक्रोग्रॅम, उकळलं की त्यातलं काही जातं. तीन कप चहातलं मिळून दूध असेल ९०-१०० मिली. रोजच्या गरजेचा पाचवा-सहावा हिस्सा झाला. खरोखर अर्धा-पाऊण लिटर दूध-दही पोटात जात असेल तर फरक पडतो, पुण्यातच तरुण शाकाहाऱ्यांना रोज दूध देऊन तसं दाखवलं गेलंय. पण "आम्ही दूध घेतो" म्हणणाऱ्या किती घरांत माणशी अर्धा लिटर येतं?


टेम्सकाठी

बाडीस (म्हणजे सहमत). इकडची माहिती देते, लंडनच्या हॅरो भागात राहते.

इथे ही गोष्ट नवी नाही. नॉर्थविक पार्क हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी १९८५ साली 'लॅन्सेट'मध्ये याच भागातल्या शाकाहारी हिंदू लोकांमधल्या मेगॅलोब्लास्टिक ॲनिमियावर, म्हणजे मोठ्या पेशींच्या पांडुरोगावर, लिहिलं होतं. त्यातले बहुतेक दूध घेणारे होते. आमच्या जीपीला (फॅमिली डॉक्टरला) आडनाव वाचूनच बी१२ची आठवण होते, ही अतिशयोक्ती समजा पण फार नाही.

व्हीगन चळवळही इथलीच. डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी १९४४ साली व्हीगन सोसायटी काढली. गंमत म्हणजे तेव्हा बी१२ वेगळं काढलेलंच नव्हतं, ते झालं १९४८ साली. म्हणजे पहिल्या व्हीगन लोकांना आपण नेमकं काय सोडतोय हे कळायला मार्गच नव्हता. आज तीच संस्था स्पष्ट सांगते: एकतर बी१२ घातलेले पदार्थ दिवसातून किमान दोनदा, मिळून ३ मायक्रोग्रॅम, नाहीतर रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी, नाहीतर आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम. व्हीगन संस्थाच हे सांगत असताना काही व्हीगन लोकांना गोळी म्हणजे पराभव का वाटतो कळत नाही.

न घेतल्यास काय होतं त्याचा आकडाही इथलाच आहे. ऑक्सफर्डच्या एपिक नावाच्या मोठ्या आहार-पाहणीतल्या पुरुषांच्या रक्तात बघितलं तर व्हीगनपैकी ५२ टक्के कमतरतेत, दूध-अंडी घेणाऱ्या शाकाहाऱ्यांपैकी ७ टक्के, मांसाहारी जवळपास कुणीच नाही.

रानजाई, एक मोठा फरक लक्षात घे. इथल्या दुकानातल्या ओट किंवा सोया दुधात बी१२ घातलेलं असतं, १०० मिलीला ०.३८ असं डब्यावर छापलेलं. तू घरी करतेस त्यात शून्य. इथली मैत्रीण "मी सोया दुधावर मजेत आहे" म्हणते तेव्हा ती वेगळा पदार्थ पीत असते.


भोईवाडा

अवांतर, पण परळकर म्हणून राहवत नाही.

या रक्ताच्या गोष्टीचा एक मोठा अध्याय मुंबईत घडलाय. लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई १९२८च्या सुमारास मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांमध्ये मोठ्या पेशींचा भयंकर पांडुरोग दिसत होता, त्याचं मूळ शोधायला. काम परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. आधी जंतू शोधले, सापडले नाहीत. मग बायकांचं खाणं तपासलं. गरीब घरांत फळं, भाज्या, दूध, मांस जेमतेम. तसाच आहार उंदरांना आणि मग माकडांना दिला, तर त्यांनाही तोच आजार. शेवटी मार्माइटने, म्हणजे यीस्टच्या अर्काने, तो बरा होतो असं दिसलं. १९३१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ते छापलं. बरीच वर्षं त्या अज्ञात द्रव्याला 'विल्स फॅक्टर'च म्हणत. ते निघालं फोलेट.

त्याच्या थोडं आधी अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी कच्चंपक्कं यकृत खायला घालून पर्निशस ॲनिमियाचे (बी१२ शोषलं न गेल्याने होणाऱ्या पांडुरोगाचे) रोगी वाचवले होते (१९२६, पुढे व्हिपल यांच्यासह १९३४चं नोबेल). त्यातलं द्रव्य बी१२. पट्टीवर दोन्ही आजार सारखेच दिसतात, म्हणून तो घोळ इतकी वर्षं चालला. पेशीपाहणी म्हणतात ते फोलेट आणि बी१२चं प्रकरण तेव्हापासूनचं आहे.


टेम्सकाठी

भोईवाडा, मस्त माहिती. हल्ली मार्माइटमध्ये बी१२ वरून घालतात, त्यामुळे इथले व्हीगन ते टोस्टला लावून खातात. चव मात्र... असो. घरी नवऱ्याने बाटली दूर ठेवायला लावली आहे.


मातीशी_नातं

इतकी औषधं कशाला? पूर्वी लोक विहिरीचं पाणी प्यायचे, भाजी मातीसकट खायचे, त्यातून बी१२ मिळायचं. ऋषीमुनी कंदमुळांवर शंभर वर्षं जगले. शिवाय आपल्या आतड्यातले जंतू बी१२ बनवतातच. आंबील, इडली, ताक यांत असतंच. आणि ते सायनोकोबालामिन म्हणजे सायनाइड आहे हे कुणी सांगत नाही.


हडपसरकर

आला, आला. कप भरून आणतो.


गोठ्यातला

पशुवैद्य आहे, सांगली भाग. जंतूंचं मी बोलतो.

बी१२ कुठलाही प्राणी बनवत नाही, वनस्पतीही नाही. फक्त जिवाणू आणि त्यांचे काही चुलतभाऊ बनवतात. गाय-म्हैस-शेळीच्या पहिल्या पोटात, म्हणजे रुमेनमध्ये, हे जिवाणू असतात आणि त्यांना कोबाल्ट लागतं. चाऱ्यात कोबाल्ट नसलं की जनावर भरल्या गव्हाणीपुढे खंगतं, रक्त कमी होतं. आम्ही देतो त्या क्षार मिश्रणात कोबाल्ट त्यासाठीच असतं. त्यांचं बी१२ पुढच्या आतड्यात शोषलं जातं, रुमेन आधी आणि आतडं नंतर, म्हणून सोय लागते.

माणसाचं उलटं. बी१२ शोषण्याची जागा लहान आतड्याच्या शेवटी, आणि जिवाणूंची वस्ती त्याच्याही पुढे मोठ्या आतड्यात. माल तयार होतो तो दुकान मागे गेल्यावर. ससा ही अडचण स्वतःची लेंडी खाऊन सोडवतो. व्हीगन मंडळींनी गोळीच घ्यावी असं माझं मत.

न धुतलेल्या भाजीतून आणि विहिरीच्या पाण्यातून थोडं मिळत असेलही, पण त्याबरोबर जंत, आमांश आणि कावीळही मिळायची. आणि पुण्याच्या त्या पाहणीत खेड्यातले पुरुषही होते, हे वर वाचलंत ना?


पेशीपाहणी

गोठ्यातला, अनुमोदन. उरलेलं मी घेतो.

आंबील, इडली-डोशाचं पीठ, कांजी: आंबवणारे जंतू बी१२ बनवणारे असतीलच असं नाही, भरवसा शून्य. ताक हा दुधाचा पदार्थ, त्यातलं बी१२ दुधातून आलेलं. स्पिरुलिना: इथे जास्त सावध राहा. त्यात बहुतांशी स्यूडो-बी१२ असतं, दिसायला तसंच पण माणसाच्या शरीरात निरुपयोगी. काही प्रयोगशाळा पद्धतींत ते खरं म्हणून मोजलं जातं, म्हणून डब्यावरचा आकडा भरघोस. न्यूट्रिशनल यीस्टमध्ये वरून घातलं असेल तरच असतं, लेबल वाचा.

सायनाइड: १००० मायक्रोग्रॅम सायनोकोबालामिनमध्ये सायनाइडचा भाग २० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी. निरोगी शरीर ते सहज बाहेर टाकतं. सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगात याहून जास्त जातं. डोळ्याच्या नसेचा लेबर नावाचा आनुवंशिक आजार असेल तर हा प्रकार टाळतात, बाकी लोकांना अडचण नाही. आपल्याकडे मेडिकलमध्ये बहुतेक मिथाइलकोबालामिनच मिळतं, तेही चालतं. पण ते साधारण कमी टिकाऊ असतं, म्हणून डबी उन्हात ठेवू नये. दोन्ही जिवाणूंकडून आंबवून बनवतात, यकृतातून काढत नाहीत. व्हीगन माणसाने बघायचं ते कॅप्सूलचं जिलेटिन आणि गोळीतलं लॅक्टोज.


मातीशी_नातं

माझे आजोबा गोळीविना ९२ वर्षं जगले.


गोठ्यातला

त्यांचं दूध किती होतं, ते सांगा.


मातीशी_नातं

घरच्या दोन म्हशी होत्या.


संपादक मंडळ

व्हीगन विरुद्ध मांसाहार या विषयावरचे चार प्रतिसाद उडवले आहेत. धागा आरोग्य विभागात आहे, विषयाला धरून लिहा.


ओलीभाकर

माझाही एक प्रश्न, माझे प्रतिसाद उडाले नसतील तर. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, आणि सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी, दोन्ही बरीच वर्षं चालू. मटण-मासे खातो. मला या भानगडीतून सूट आहे ना?


पेशीपाहणी

नाही. :) मेटफॉर्मिनने बी१२चं शोषण कमी होतं. ॲसिडिटीच्या गोळीने जठरातलं आम्ल कमी होतं, आणि अन्नातल्या प्रथिनापासून बी१२ सुटं व्हायला आम्ल लागतं. दोन्ही वर्षानुवर्षं घेणाऱ्याने तपासून घ्यावं. मधुमेहात पायाला मुंग्या आल्या की "शुगरमुळे" म्हणून सोडून देतात, त्यात बी१२ लपून राहतं.


शिधापत्रिका

नाशिक जिल्ह्यातून लिहितोय. रेशनच्या तांदळात बी१२ घालतात असं ऐकलं. आमच्याकडे लोक तो "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून निवडून फेकतात.


पेशीपाहणी

चांगला मुद्दा काढलात. ते पोषणयुक्त दाणे आहेत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी१२ मिसळून दाण्याच्या आकारात काढतात आणि साध्या तांदळात साधारण शंभराला एक या प्रमाणात टाकतात. रंग थोडा वेगळा, पाण्यात तरंगतात, म्हणून अफवा. फेकू नका.

पण व्हीगन माणसाने त्यावर विसंबू नये. किलोमागे बी१२ पाऊण ते सव्वा मायक्रोग्रॅम. दिवसाला ३०० ग्रॅम तांदूळ खाल्ला तर पदरात ०.३. थेंबे थेंबे म्हणून ठीक, तळं भरायचं नाही.


रानजाई

मंडळी, सावकाश सगळं वाचलं. डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून उभं केलं, तेव्हा मी डोलायला लागले. मग विचारलं, "तोंड धुताना बेसिनपाशी तोल जातो का?" जातो! मला वाटायचं झोप झाली नाही म्हणून. नळावर साबण लावून डोळे मिटले की भिंतीला हात लागायचाच. होमोसिस्टीन (बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं द्रव्य) आलं ४१, म्हणजे बरंच जास्त. इंजेक्शनं सुरू केली आहेत, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, पुढे गोळी.

पेशीपाहणी, गोळीचा हिशेब नीट समजावून सांगाल का? २ मायक्रोग्रॅमची गरज आणि १५००ची गोळी, हा काय प्रकार?


पेशीपाहणी

मज्जातंतूंची लक्षणं असताना इंजेक्शनने सुरुवात केली हे योग्यच. डोळे मिटल्यावर तोल जाणं म्हणजे पाय कुठे आहेत हे मेंदूला सांगणारे मज्जारज्जूतले मागचे तंतू दुबळे झालेत. डोळे उघडे असताना नजर ती उणीव भरून काढते. लवकर सापडलं, बरंचसं परत येईल, पण महिने लागतील.

गोळीचं गणित: जठरात इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन असतं, ते बी१२ला धरून आतड्याच्या शेवटापर्यंत नेतं. एका वेळी त्याची कुवत दीड-दोन मायक्रोग्रॅमची. त्याहून जास्त जे असेल ते नुसतं झिरपतं, साधारण एक टक्का. म्हणजे १००० घेतलं तर दहा-बारा आत जातं. म्हणून रोज घ्यायचं तर लहान मात्रा पुरते आणि आठवड्याने घ्यायचं तर दांडगी लागते. उरलेलं लघवी-शौचातून जातं, भीती नाही. मुद्दाम सांगतो, बी-कॉम्प्लेक्सच्या कित्येक गोळ्यांत बी१२ जेमतेम असतं, पाकीट उलटून मात्रा वाचायचीच.

तपासणीबद्दल. इंजेक्शनं चालू असताना बी१२ पुन्हा मोजू नका, ते २००० दिसेल आणि त्याचा अर्थ काही नाही. रक्त किती सुधारलं ते सीबीसीत दिसेल. आठवड्याभरात कोवळ्या लाल पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, वाढतात. हिमोग्लोबिन सावकाश, दीड-दोन महिन्यांत. होमोसिस्टीन मात्र पुन्हा मोजण्यासारखं आहे. त्याची एक गोम: नमुना काढून तसाच टेबलावर राहिला तर लाल पेशींतून होमोसिस्टीन बाहेर येत राहतं आणि आकडा खोटा वाढतो. नमुना बर्फात ठेवतात का, लगेच वेगळा करतात का, हे विचारा. घरी येऊन रक्त नेणाऱ्यांना तर नक्कीच.

आणि केसांसाठी बायोटिनच्या गमी खाता का कुणी? काही यंत्रांवर बायोटिनमुळे बी१२चा आकडा खोटाच जास्त येतो. तपासणीआधी काही दिवस बंद ठेवा, प्रयोगशाळेला सांगा.


रानजाई

गमी नवरा खातो. :( केस नाहीत, गमी आहेत.

लोहाचं काय करू? तेही द्यायला लागलेत.


पेशीपाहणी

रोज दोन गोळ्या गिळण्यापेक्षा एक दिवसाआड एक घेतली तरी शोषण चांगलं होतं, असं हल्ली दिसतंय. एक मात्रा पोटात गेली की हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि दिवसभर आतड्याचं दार लोटून घेतं. पण मात्रा डॉक्टरीणबाईंनी ठरवायची.

जेवणातलं लोह: डाळी-पालेभाज्यांतलं लोह तसं हट्टी, फायटेट नावाच्या द्रव्यात अडकलेलं. लिंबू पिळा, कोशिंबीर कच्ची खा, मटकी मोड आणून घ्या, अळीव भिजवून घ्या. जेवणाला लागून चहा नको, तासभर तरी जाऊ द्या. ही एक सवय मोडली तरी पुष्कळ. पुण्यात चहाची वेळ हलवणं दूध सोडण्यापेक्षा अवघड आहे, हे मान्य.

लोह घेऊनही पेशी लहानच राहिल्या तर थॅलेसेमिया मायनरची तपासणी करून घ्या, विशेषतः सिंधी, लोहाणा, कच्छी घरांत. पण तुमचा एमसीव्ही ८७ बघता ती शक्यता कमी.


नाचणीसत्त्व

धागा वाचून पोटात गोळा आला. बहीण तीन वर्षांपासून व्हीगन, मुंबईत असते. बाळ सात महिन्यांचं, फक्त अंगावरचं दूध आणि आता थोडी नाचणीची पेज. गरोदरपणात सरकारी लाल गोळ्या घेतल्या, लोहाच्या. बी१२ घेतलं नाही. बाळ आधी हसायचं, पालथं पडायचं, आता गप्प पडून असतं. आई म्हणते दात येतायत.


पेशीपाहणी

नाचणीसत्त्व, बाळाला आजच बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. उद्यावर टाकू नका. आणि आई व्हीगन आहे हे त्यांना पहिल्या वाक्यात सांगा.

कारण सांगतो. अंगावरच्या दुधातलं बी१२ आईच्या रक्तावर अवलंबून असतं. बाळाची कोठी गरोदरपणातच भरलेली असते, आई कमी तर बाळही कमी. चार ते अकरा-बारा महिन्यांच्या दरम्यान ते उघड होतं. बाळ सुस्त होतं, शिकलेल्या गोष्टी विसरतं, बोटांचे सांधे काळवंडतात, केस विरळ आणि पिंगट होतात, पुढे हातपाय थरथरतात. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९६२ साली 'लॅन्सेट'मध्ये हे नीट मांडलं होतं, भारतीय अर्भकांवरच. बालरोगतज्ज्ञ त्याला इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम म्हणून ओळखतात. उपचार बी१२चेच आणि बाळं झपाट्याने प्रतिसाद देतात, पण जितका उशीर तितकं मेंदूच्या वाढीचं नुकसान मागे राहण्याची भीती.

लाल गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, बी१२ नाही. गरोदर व्हीगन किंवा कट्टर शाकाहारी बाईला बी१२ वेगळं द्यावं लागतं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून चालू असलेल्या माता-पोषण अभ्यासात तर असं दिसलं की आईचं फोलेट भरपूर आणि बी१२ कमी असेल, तर सहाव्या वर्षी मुलांत इन्सुलिन-प्रतिरोध जास्त आढळतो.

अंगावरचं दूध बंद करू नका. आईलाही औषध सुरू होईल. घरच्या घरी बाळाला गोळी चिरडून देऊ नका, मात्रा आणि चढवण्याचा वेग डॉक्टरच बघतील.


टेम्सकाठी

नाचणीसत्त्व, काय झालं ते कळव गं.


नाचणीसत्त्व

दाखल केलंय. हिमोग्लोबिन ६.८, बी१२ मोजता येईल त्याच्याही खाली. बोटांचे सांधे काळे होते, आम्हाला वाटलं रंग सावळा आहे. डॉक्टरांनी पट्टी बघून लगेच ओळखलं. इंजेक्शन चालू आहे. बहीण रडतेय, सासरचे तिला बोलतायत. तिला बोलू नका एवढंच त्यांना सांगितलं, तपासणी कुणीच लिहून दिली नव्हती.


गोठ्यातला

बरं केलंत. बाळ लवकर बरं होवो.


नाचणीसत्त्व

चौथ्या दिवशी आईकडे बघून हसलं. दूध जोराने ओढतंय. हाताला थोडी थरथर सुरू झाली आहे, डॉक्टर म्हणतात उपचार सुरू झाल्यावर असं काही बाळांत होतं आणि जातं. बरोबर आहे का?


पेशीपाहणी

बरोबर आहे, काही बाळांत उपचारांनंतर थरथर दिसते आणि ओसरते. त्यांना सांगत राहा. पोटॅशियमवर लक्ष ठेवतीलच.


रानजाई

नाचणीसत्त्व, खूप बरं वाटलं.

माझ्याकडून भर: सासूबाईंचंही बी१२ करून घेतलं. दोन वेळ दूध घेणाऱ्या, माळकरी. आलं १६१. त्यांना गोळीची मनाई नाही, फक्त कॅप्सूल नको म्हणाल्या. आता डब्यावर जिलेटिन शोधायचं काम आम्ही दोघी मिळून करतो.

शेवटची शंका. डॉक्टरीणबाईंनी ड जीवनसत्त्वाची ६०,००० ची पुडी दिली आहे. ती व्हीगन आहे का?


टेम्सकाठी

बहुतेक डी३ मेंढीच्या लोकरीतल्या लॅनोलिनपासून करतात. व्हीगन हवं असेल तर दगडफुलाच्या जातीच्या लायकेनपासून काढलेलं डी३ मिळतं, किंवा डी२ घ्यायचं, ते यीस्ट-अळंबीपासून. डी२ रक्तातली पातळी जरा कमी टिकवतं, म्हणून आठवडी पुडीऐवजी रोजची छोटी मात्रा बरी, असं मला इथे सांगितलं होतं. एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचं) हिरवं व्हीगन चिन्ह खाद्यपदार्थांवर असतं, औषधाच्या पाकिटावर ते शोधत बसू नकोस, कंपनीला मेल टाक.


पेशीपाहणी

आणि मेलचं उत्तर येईपर्यंत पुडी घ्या.